घाई आपली, जीव त्यांचा

जंगलातून गेलेला गुळगुळीत रस्ता आपल्याला लवकर घरी पोहोचवतो. पण त्याच रस्त्यामुळे कुणाची तरी घराची वाट कायमची बंद होते. रस्तेही हवेत आणि रानही हवे, तर त्यावर उपाय काय? तो उपाय आपल्याच देशात, नागपूरपासून जवळच, करून पाहिला गेला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये एक छोटी चित्रफीत देशभर मोबाइलवरून फिरली. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका मोटारीने वाघाला धडक दिली होती. जबर जखमी झालेला तो वाघ कसेबसे शरीर ओढत रस्त्याकडेच्या झाडीत शिरताना दिसत होता. तो वाचला नाही. वय जेमतेम दोन वर्षांचे, म्हणजे आईपासून वेगळे होऊन स्वतःचा मुलूख शोधण्याचे वय.

चित्रफीत पाहून लोक हळहळले. कुणी चालकाला दोष दिला, कुणी वनखात्याला. पण वाघ रस्त्यावर आला होता की रस्ता वाघाच्या वाटेत आला होता, हा प्रश्न फार थोड्यांना पडला.

ही काही पहिलीच घटना नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा वाघ वाहनाच्या धडकेत मेला होता. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या घोडबंदर रस्त्यावर आणि अहमदाबाद महामार्गावर बिबटे मेले आहेत. वाघ-बिबट्यांची निदान बातमी तरी होते. ससा, उदमांजर, घोरपड, धामण यांची तर मोजदादही होत नाही. सकाळी वाहनांच्या चाकांखाली त्यांचा नुसता डाग उरतो.

भारतातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती सरासरी ३,६८२ वर गेली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण याच काळात देशातील रस्त्यांचे जाळेही वाढत वाढत ६३ लाख किलोमीटरच्या घरात पोहोचले. वाघ वाढले, रस्तेही वाढले, पण रान मात्र होते तेवढेच राहिले. मग दोघांची गाठ पडणार, हे उघडच होते.

वाघ प्रवास का करतो?

अभयारण्य एवढे मोठे असताना वाघ बाहेर पडतोच कशाला, असे अनेकांना वाटते. याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाने दिले. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली होती. त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास तो निघाला आणि शेते, ओढे, कालवे, गावांच्या सीमा ओलांडत, तेलंगणात डोकावून, डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या प्रवासात त्याने १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. त्याला हवे होते रिकामे रान, पुरेशी शिकार आणि जोडीदारीण.

एकाच छोट्या गावात पिढ्यानपिढ्या आपापसांतच सोयरिकी होऊ लागल्या तर काय होते, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. वन्यप्राण्यांचेही तसेच असते. एका जंगलातले नर दुसऱ्या जंगलात जातात, तेव्हाच नवे रक्त मिळते आणि वंश सशक्त राहतो. दोन जंगलांना जोडणाऱ्या अशा वाटांना वनखात्याच्या भाषेत कॉरिडॉर म्हणतात. हे पट्टे पुष्कळदा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असतात. त्यांत शेती असते, गावे असतात, आणि रस्तेही याच पट्ट्यांतून जातात. कॉरिडॉर तुटला की जंगल बेटासारखे एकटे पडते. बेटावरचे प्राणी लगेच मरत नाहीत, पण त्यांचे भवितव्य त्याच दिवशी धोक्यात येते.

नुसते डांबर नव्हे

रस्त्याची रुंदी ती किती! त्याने एवढ्या मोठ्या जंगलाचे काय बिघडणार, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण रस्त्याचा परिणाम डांबराच्या कडेला संपत नाही. दिव्यांचा झोत आणि कर्णे दूरवर आत पोहोचतात. झाडी तुटून मोकळ्या झालेल्या कडेला घाणेरीसारखी परकी झुडपे फोफावतात आणि गवत मागे हटते. रस्ता झाला की धाबे येतात, धाब्यांमागे कचरा येतो, कचऱ्यामागे माकडे आणि मोकाट कुत्री येतात. लाकूडचोर आणि शिकारी यांनाही आत शिरायला सोपी वाट मिळते.

प्रत्येक प्राण्याची अडचण वेगळी असते. साप ऊब घेण्यासाठी संध्याकाळी तापलेल्या डांबरावर येतात. रातवा पक्षी रस्त्यावरच बसतो. सशाच्या डोळ्यांवर झोत पडला की तो जागीच खिळतो. चितळांच्या कळपातले एक जनावर रस्ता ओलांडते आणि चालक निश्चिंत होऊन वेग वाढवतो, तोच मागची चार जनावरे समोर येतात. सिंधुदुर्गातील आंबोलीच्या घाटात पहिल्या पावसाबरोबर बेडूक आणि खेकडे शेकडोंनी रस्त्यावर येतात. नेमक्या त्याच दिवसांत धबधबे पाहणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. आंबोलीची एक भेकाची जात तर जगात इतरत्र कुठेही आढळलेली नाही. अशा ठिकाणी एका चाकाखाली काय जाते, याचा हिशेब कोण करणार?

काही प्राणी तर रस्त्याला घाबरून तो ओलांडतच नाहीत. ते मरत नाहीत, म्हणून त्यांची नोंदही होत नाही. पण त्यांच्यासाठी तो रस्ता म्हणजे भिंतच झालेली असते.

आणि यात माणूसही सुरक्षित नसतो. रात्री मोटारसायकलवरून घरी निघालेल्या एखाद्या तरुणासमोर अचानक रानडुक्कर किंवा नीलगाय आली, तर दोघांचाही जीव जातो.

पेंचने घातलेला धडा

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणून ओळखला जाई. आता तो श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा भाग आहे. मनसरपासून पुढे खवासा आणि सिवनीपर्यंत तो पेंचच्या जंगलांना खेटून जातो. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला मोगली ज्या रानात वाढला, ते हेच सिवनीचे रान. पेंच आणि कान्हा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा कॉरिडॉर हा रस्ता मधोमध कापतो.

उत्तर-दक्षिण महामार्ग चौपदरी करायचे ठरले, तेव्हा या तुकड्यावर सारे अडले. वन्यजीवप्रेमी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. छिंदवाड्याकडून वळसा घालून जाण्याचा पर्याय सुचवला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्यात लक्ष घातले. वर्षामागून वर्षे गेली. दरम्यान जुन्या रस्त्याची चाळण झाली. मालमोटारी खड्ड्यांत रुतू लागल्या, अपघात होऊ लागले आणि सिवनीकडचे लोक वैतागले. त्यांचेही काही चुकत नव्हते. आजारी माणसाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे तर याच रस्त्याने जावे लागे.

अखेर तोडगा निघाला. रस्ता रुंद करायचा, पण ज्या ठिकाणी प्राण्यांची ये-जा आहे तेथे तो खांबांवर उचलायचा आणि खालची जमीन प्राण्यांसाठी मोकळी ठेवायची. या वाटा किती लांब असाव्यात, यावरही पुष्कळ ओढाताण झाली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा आग्रह अधिक लांबीचा होता, तर बांधणाऱ्यांना खर्चाची चिंता होती. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीतील सुमारे ३७ किलोमीटरच्या टप्प्यात अशा नऊ वाटा झाल्या. त्यांतील सर्वांत लहान ५० मीटरची, तर सर्वांत मोठी ७५० मीटरची. मध्य प्रदेशच्या बाजूलाही असेच अंडरपास बांधले गेले आणि आवाज व दिव्यांचा झोत खाली जाऊ नये म्हणून कडेला अडथळे उभारले गेले.

प्राणी या वाटा वापरतील का, अशी शंका अनेकांना होती. डोक्यावरून मालमोटारी धडधडत असताना खालून वाघ जाईल, यावर कुणाचा विश्वास बसणार? वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे बसवले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींचे वन्यप्राणी तेथून जाताना टिपले गेले. चितळ, रानडुक्कर, नीलगाय, गवा, रानकुत्रे तर होतेच, पण वाघही होते, आणि तेही एक-दोन नव्हे, तर अकरा वेगवेगळे. अंगावरच्या पट्ट्यांवरून ते वेगळे ओळखता आले.

अर्थात ही गोष्ट नुसत्या यशाची नाही. या रस्त्यासाठी हजारो झाडे गेली. अंडरपासखालून गुरे, माणसे आणि कुत्रीही जातात. ती वर्दळ वाढली तर प्राणी ती वाट सोडून देतील. पूल बांधून काम संपत नाही, खालची वाट रानासारखी राखावी लागते. पण योग्य जागी, पुरेशी रुंद आणि शांत वाट ठेवली तर जनावर ती शोधून काढते, एवढे पेंचने सिद्ध केले.

रात्रीचे फाटक

सगळीकडे पूल बांधणे शक्य नसते. कर्नाटकातील बंदीपूरमध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. तेथून केरळमधील वायनाड आणि तमिळनाडूतील उटीकडे जाणारे महामार्ग २००९ मध्ये रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत बंद करण्यात आले. २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बसना मात्र सवलत मिळाली.

वायनाडच्या लोकांना हे सहज पटले नाही. त्यांचे शेतकरी, विद्यार्थी, रुग्ण म्हैसूर-बंगळूरकडेच जातात. २०१९ मध्ये रस्ता दिवसाही बंद होणार अशी भीती निर्माण झाली, तेव्हा तेथे तरुण उपोषणाला बसले. जंगल वाचवण्याची किंमत जंगलाशेजारी राहणाऱ्यानेच का मोजावी, हा त्यांचा प्रश्न डावलता येण्याजोगा नाही. म्हणूनच जंगलाबाहेरून जाणारा पर्यायी रस्ता चांगला करून देणे, ही अशा बंदीची दुसरी बाजू असायला हवी.

आसाममधील काझीरंगात दरवर्षी पुराचे पाणी चढले की गेंडे, हरणे, हत्ती उंच जागेच्या शोधात कार्बी आंगलोंगच्या टेकड्यांकडे निघतात. मध्ये आडवा येतो राष्ट्रीय महामार्ग. पुराच्या दिवसांत तेथे एक साधी युक्ती वापरली जाते. जंगलाच्या एका टोकाला चालकाला वेळ लिहिलेले कार्ड देतात. दुसऱ्या टोकाला तो ठरल्यापेक्षा लवकर पोहोचला, तर गाडी जोरात हाकली हे उघड होते आणि दंड बसतो. आता तेथे सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा उंचावरून जाणारा मार्ग बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.

वळसा आधी, पूल नंतर

रस्त्याचे जे, तेच लोहमार्गाचे आणि विजेच्या तारांचे. सप्टेंबर २०१० मध्ये उत्तर बंगालमध्ये बनारहाटजवळ एका मालगाडीखाली सात हत्ती सापडले. राजस्थानात माळढोक पक्षी उंच वीजवाहिन्यांवर आदळून मरतात. समोरची बारीक तार त्यांना वेळेत दिसत नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये अशा सर्व कामांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचे सूत्र घरातल्या जाणत्या बाईच्या व्यवहारासारखे सरळ आहे: आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि मगच भरपाईचा विचार करा. म्हणजे पहिला प्रश्न ‘पूल किती मोठा’ हा नसून ‘रस्ता वळवता येईल का’ हा आहे.

हे आराखड्याच्या कागदावर करणे स्वस्त पडते. रस्ता झाल्यावर तो उचलून खांबांवर ठेवणे फार महाग पडते. ७०१ किलोमीटरच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची आखणी होतानाच संस्थेचा सल्ला घेऊन प्राण्यांसाठी खालून आणि वरून जाणाऱ्या वाटा ठेवल्या गेल्या. जुन्या रस्त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नव्हते. पण ताशी १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर एखादे जनावर चुकून वर आले तर त्याला वाचवणे कठीणच. तेव्हा कुंपणे धड आहेत ना, हे कायम पाहावे लागते.

जंगलातून गाडी नेताना

सरकार, न्यायालये, अभियंते त्यांचे काम करतील. पण गाडीचे चाक आपल्या हातात असते. सुटीत मुलाबाळांसह निघताना एवढे तरी पाळता येईल:

• शक्यतो जंगलाचा टप्पा उजेडात पार करा. पहाट, तिन्हीसांजा आणि रात्र या प्राण्यांच्या फिरण्याच्या वेळा आहेत.

• ‘वन्यप्राण्यांचा वावर’ ही पाटी शोभेची नाही. ती दिसली की वेग कमी करा.

• एक जनावर गेले की थोडे थांबा. मागे आणखी असतील.

• जनावर समोर आल्यास झोत खाली करा आणि कर्णा वाजवू नका. फोटोसाठी खाली उतरू नका.

• माकडांना केळी-बिस्किटे देऊ नका. खाऊच्या आशेने ती रस्त्यावर बसतात आणि गाडीखाली येतात. तुमची दया त्यांच्या जिवावर बेतते.

• खरकटे, पिशव्या बाहेर फेकू नका.

• जखमी प्राणी दिसला तर गर्दी करू नका. ठिकाण नेमके सांगून वनखात्याला कळवा.

जंगलाचा वीस किलोमीटरचा टप्पा ताशी ऐंशीऐवजी चाळीसच्या वेगाने पार केला, तर घरी पोहोचायला पंधरा मिनिटे उशीर होतो. तेवढा उशीर तर आपल्याला शहरातल्या दोन चौकांतही होतो आणि तो आपण निमूट सोसतो. रानातल्या वाटेवर तेवढीच पंधरा मिनिटे दिली, तर शेजारच्या आसनावरची मुलेही सुखरूप घरी जातील आणि झाडीत उभी असलेली चितळाची आईही आपल्या पाडसासह पलीकडे जाईल.