परसातला ओटा

सन १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सुटी मिळाली, पण ती घालवावयाची कोठे, हा प्रश्न दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला पडतोच. विश्रांतीला वेळ लागतो तशी जागाही लागते. म्हणून ज्यांच्या नशिबी घरामागे बारा-पंधरा फुटांचा तुकडा आला आहे, त्यांनी तो अडगळीच्या हवाली करू नये, असे आमचे मत आहे. हल्ली जाहिरातीतून ज्याला ‘डेक’ म्हणतात तो मुळात आपला ओटाच. तो कसा आखावा, एवढाच आजचा विषय.

पहिला प्रश्न मापाचा नव्हे, माणसाचा आहे. ओट्यावर कोण बसणार आणि काय करणार? बहुतेक घरांत हा प्रश्न न विचारताच गवंड्याला बोलावले जाते. परसात धुणे वाळते, भांडी घासली जातात, धान्य निवडले जाते, पापड वाळतात. ही कामे जी बाई करते तिलाच आखणीच्या वेळी कोणी विचारीत नाही. मग ओटा होतो देखणा, आणि धुण्याची बादली घेऊन तिला त्याला वळसा घालावा लागतो. म्हणून आधी घरातल्या सर्वांना बसवावे, कामांची यादी करावी, आणि खडूने किंवा सुतळीने जमिनीवर ओटा आखून चार दिवस त्याभोवती वावरून पाहावे. सुतळी सरकवायला खर्च येत नाही. दगड सरकवायला येतो.

आता एक उदाहरण घेऊ. परस सोळा फूट रुंद आणि बारा फूट खोल आहे, म्हणजे १९२ चौरस फूट. चार माणसे खुर्च्या मागे सरकवून सुखाने बसायची तर आठ फूट बाय आठ फूट जागा लागते. एक बाज टाकायची झाली तर आणखी थोडी. म्हणून दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद ओटा पुरेसा आहे. त्यात ८० चौरस फूट जातात आणि ११२ उरतात. उरलेली जागा वाया गेली असे समजू नये. तीतच तुळस, कढीपत्ता, धुण्याची दोरी आणि पावसाचे पाणी मुरायला जमीन राहते. संपूर्ण परस फरशीने मढवणारा गृहस्थ आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात पाठवतो. ८० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १८९ लिटर पाणी होते. यावरून सगळ्या परसाचा अंदाज करावा.

जागा ठरवताना सूर्याला विचारावे. परस घराच्या पूर्वेला असेल तर दुपारनंतर घराचीच सावली मिळते आणि संध्याकाळचा चहा सुखाचा होतो. पश्चिमेला असेल तर भिंती आणि फरशी संध्याकाळी तापलेल्या असतात, शिवाय पावसाची झड तिकडूनच येते. तेथे मांडव, वेल किंवा झाडाची योजना आधीच करावी. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली उपयोगी पडत नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलतो, आणि दहा फूट उंच भिंतीची सावली दुपारी बारालाही उत्तरेला नऊ फुटांपर्यंत पडते. म्हणून उत्तरेच्या परसात ओटा भिंतीला चिकटून केला तर म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्याचे ऊन मिळणार नाही, आणि ओल राहून शेवाळ धरेल.

उंचीचा हिशेब घराच्या जोत्यावरून करावा. जोते दोन फूट असेल तर ओटा दीड फूट ठेवावा. सहा इंचांचा हा फरक पावसाचे पाणी घरात येऊ देत नाही. दीड फूट ही खुर्चीच्या बैठकीचीही उंची आहे, त्यामुळे ओट्याची कडच बाकाचे काम करते. जमिनीवरून चढायला सहा-सहा इंचांचे तीन चढाव करावेत आणि पाऊल ठेवायची जागा एक फूट धरावी. चढाव दुप्पट करून त्यात पावलाची जागा मिळवली की सुमारे चोवीस इंच यावेत. सतराव्या शतकात ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून असाच नियम बांधला होता. चढाव एकसारखे असणे सर्वांत महत्त्वाचे. एक पायरी सहा इंच आणि दुसरी आठ इंच, म्हणजे अंधारात पडण्याची तरतूद.

बांधकामात खरे काम नजरेआड असते. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी बसवली तर दोन पावसाळ्यांत ती डुगडुगू लागते. काळी माती काढून मुरूम भरावा, आणि तोही एकदम नव्हे. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, आणि धुम्मसाने ठोकणे. ओट्याचे बांधकाम घराच्या भिंतीत गुंतवू नये. जुने घर बसलेले असते, नवा ओटा अजून बसायचा असतो. दोघांना जखडले की भेग पडते. सांधा मोकळा ठेवून लवचीक मसाल्याने बंद करावा. फरशीला घरापासून बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार द्यावा, म्हणजे आठ फुटांत दोन इंच. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास सुतळी पुरते. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजावे. दोन खुणांतील अंतर पाच फूट आले की कोपरा बरोबर.

फरशी शहाबादी चांगली, पण खरखरीत बाजू वर ठेवावी. चकचकीत फरशी पावसात माणूस पाडते. काळी कडप्पा उन्हात तापते. लाकडाची हौस असेल तर सागाचे गाभ्याचे लाकूड घ्यावे. बाहेरचे फिकट लाकूड वाळवी आधी खाते. लाकूड मातीला टेकवू नये, दगडी ठोकळ्यांवर उभे करावे. दोन फळ्यांत पाव इंच फट ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि वारा खेळतो. आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडाचे तुकडे उरले तर ते चुलीत किंवा बंबात कधीही घालू नयेत. तो धूर विषारी असतो.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ परसांत शौचालयाची टाकी असते आणि तिचे झाकण दिसायला नको म्हणून ओटा नेमका तिच्यावर बांधला जातो. काही वर्षांनी टाकी भरते. यंत्राची नळी आत जायला वाट नसते. मग फरशी फोडतात आणि एखाद्या गरिबाला चार पैशांसाठी आत उतरवतात. आत प्राणवायू कमी असतो, विषारी वायू असतो, आणि उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूंबद्दल तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण ज्या घरी बाप परत येत नाही, त्या घराला ही रक्कम पुरी पडत नाही. म्हणून टाकी ओट्याबाहेर ठेवावी. ते जमत नसेल तर झाकणावर उचलता येणारी फरशी ठेवावी आणि वायूची नळी बंद करू नये. ओटा आखणाऱ्याच्या हाती एखाद्याचा जीव असतो, हे वाक्य येथे शब्दशः खरे आहे.

तसेच काम करणाऱ्याविषयी. दगड कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तो आजार बरा होत नाही. कापताना पाणी सोडावे आणि नाकातोंडाला चांगला मुखवटा द्यावा. खर्च थोडा असतो. बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळांची सोय १९९६ च्या कायद्याने झाली, आणि तिचा लाभ घ्यायला वर्षात ९० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. घरोघरी किरकोळ कामे करणाऱ्याला नेमके हेच अवघड जाते. म्हणून आपल्याकडे किती दिवस काम केले हे तारखेसह कागदावर लिहून सही करून द्यावे. मजुरी तर संध्याकाळीच चुकती करावी. त्याच्या घरची चूल तिच्यावर पेटते.

ओटा पुरा झाला की पहिल्या संध्याकाळी ज्यांनी तो बांधला त्या गवंड्याला आणि बिगाऱ्यांना त्यावर बसवून चहा द्यावा. ओटा सपाट आहे की नाही, पायरी नीट आहे की नाही, याची परीक्षाही तेव्हाच होऊन जाईल.