विजयापत्रांचे शुष्कीकरण : आर्द्रता आणि वायुसंचार

द्रव्याची ओळख अचूक पटली, ग्रहणकाळ साधला, शोधन शास्त्रोक्त झाले, तरीही कल्प बिघडू शकतो. कारण या क्रियांच्या मध्ये आणखी एक क्रिया असते आणि तिची नोंद आपण 'वाळत घातले' एवढ्या दोनच शब्दांत करतो. प्रस्तुत लेखात विजया, म्हणजेच भांग, या द्रव्याच्या निमित्ताने या दोन शब्दांचा विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या औषधशाळेत विजयापत्रे जलशोधनासाठी घेतली होती. पोटलीत बांधून, हिरवट पाणी निघणे थांबेपर्यंत ती धुतली आणि एका खोलीत कापडावर पसरली. बाहेर पाऊस असल्याने दारे-खिडक्या बंद ठेवल्या आणि छताचा पंखा अहोरात्र चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी वरची पाने हाताला कुरकुरीत लागत होती. पण थर उलटताच कुबट वास आला आणि तळाशी पांढरट बुरशी दिसली. आमच्याकडील ज्येष्ठ कामगार, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुढे तुपात भाजायचीच आहेत ना? भाजल्यावर बुरशी कुठली राहते?"

प्रश्न प्रामाणिक होता, मोहही मोठा होता. परंतु भर्जनाने बुरशी मेली तरी तिने निर्माण केलेले विष नष्ट होईलच असे नाही. अफ्लाटॉक्सिनसारखी द्रव्ये स्वयंपाकघरातील उष्णतेला बरीचशी दाद देत नाहीत. जातीफलादि चूर्ण आपण ज्या ग्रहणीच्या रुग्णाला देतो, त्याचा अग्नी आधीच मंद असतो. त्याच्या पोटात हे जाऊ देणे योग्य नव्हते. तो संपूर्ण घाणा रद्द केला आणि नोंदवहीत तशी नोंद केली.

चूक नेमकी कुठे झाली?

पंखा हवा हलवतो, ओल बाहेर नेत नाही. आमची चूक एवढीच होती. पण तिचा हिशेब मांडल्यावर ती किती मोठी होती हे ध्यानात आले.

ओल्या पत्रांत 75 टक्के पाणी आहे असे धरू. 10 किलो पत्रांत 2.5 किलो घन भाग आणि 7.5 किलो पाणी असते. अंतिम ओलावा 10 टक्के हवा असेल, तर शुष्क पत्रे सुमारे 2.8 किलो भरतील आणि जवळजवळ 7.2 लिटर पाणी हवेत जावे लागेल. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प धारण करते. सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल तर त्यात 18 ग्रॅम बाष्प आधीच असते. ती आर्द्रता 80 टक्क्यांपर्यंत चढू दिली, तर प्रत्येक घनमीटर हवा केवळ 6 ग्रॅम पाणी उचलते. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीच्या बंद खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. म्हणजे ती खोली 7.2 लिटरपैकी जेमतेम 200 ग्रॅम पाणी उचलून थांबते. उरलेले पाणी पानांतच राहते, आणि पंखा तीच दमट हवा पानांवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.

या हिशेबाने सुमारे 1,200 घनमीटर, म्हणजे खोलीतील सर्व हवा पस्तीस वेळा, बदलावी लागते. बाष्पीभवनाने हवा थंड होते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिकच हवा लागते. तरीही ही गरज आवाक्यातली आहे. चोवीस तासांत विभागली तर ती तासाला 50 घनमीटर होते, आणि लहानसा एक्झॉस्ट पंखाही याहून कितीतरी अधिक हवा बाहेर टाकतो. मात्र त्यासमोर कोरडी हवा आत येण्यास वाट हवी.

संहितेतील भेषजागार

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाच्या जागेचे वर्णन आहे. ती वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावी, तरी तिच्या एका बाजूस हवा खेळती असावी. द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, पाणी, बाष्प, धूर, धूळ आणि उंदीर यांचा तेथे शिरकाव नसावा. आणि द्रव्ये झाकून शिंक्यात टांगावीत. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानात कापड, मातीची भांडी, फळ्या आणि खुंट्या यांवर औषधे ठेवण्यास सांगितले आहे. द्रव्य जमिनीपासून उचललेले आणि हवा बेताची पण वाहती, हेच दोहोंचे तात्पर्य आहे. 'छायाशुष्क' या शब्दातील छाया आपण लक्षात ठेवली, वारा मात्र विसरलो.

अतिघाई आणि अतिविलंब

विलंबाने बुरशी येते, तर घाईने सुगंधी तैलांश जातो. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉस आणि एलसोहली यांच्या अभ्यासात भांगेच्या ताज्या पुष्पाग्रांत 0.29 टक्के उडनशील तेल आढळले. खोलीच्या तापमानास आठवडाभर वाळवल्यावर ते 0.20 टक्के राहिले. साध्या वाळवणीत एवढी घट होत असेल, तर कडक ऊन वा तीव्र भट्टी किती हानी करील याची कल्पना करता येते. त्यात हलके, लवकर उडणारे घटक आधी जातात. शिवाय उष्णतेने द्रव्यातील आम्लरूप घटक मादक रूपात परिवर्तित होतात, प्रकाश आणि प्राणवायू यांनी ते पुढे क्षीण होतात. व्यवायी गुणाचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधराने ज्या द्रव्याचे नाव घेतले, त्याची मात्रा दर घाण्याला बदलत राहणे वैद्यास परवडणारे नाही.

ज्या देशांत पुष्पाग्रांचा वैद्यकीय वापर कायदेशीर आहे, तेथे ती अंधाऱ्या खोलीत टांगून, साधारण 15 ते 21 अंश तापमान आणि 55 ते 60 टक्के आर्द्रता राखून, दहा ते चौदा दिवस वाळवण्याची पद्धत प्रचलित आहे. एएसटीएम या मानक-संस्थेने शुष्क पुष्पाग्रांसाठी 0.55 ते 0.65 अशी जलक्रियतेची मर्यादा दिली आहे. आपला संबंध पत्रांशी आहे. एनडीपीएस कायदा, 1985 मधील गांजाच्या व्याख्येत पुष्पाग्रे येतात. त्यांच्याविना असलेली पाने येत नाहीत. तरी पानांसाठी राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावे लागतात, आणि औषधे नियमांच्या परिशिष्ट ई(1) मध्ये भांगेचा समावेश असल्याने वैद्यकीय देखरेखीची सूचना लेबलवर आवश्यक असते. पान पातळ असल्याने पुष्पाग्रांपेक्षा लवकर वाळते, परंतु जलक्रियतेचा नियम दोहोंस सारखाच लागू पडतो.

आम्ही अवलंबिलेली पद्धत

1. कापड जमिनीवर पसरणे बंद केले. लाकडी चौकटीच्या जाळीदार ट्रेवर दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक थर देत नाही. दोन ट्रेंमध्ये वीतभर अंतर ठेवतो.

2. एका भिंतीत खाली, बारीक जाळी लावलेली वाट ठेवली आणि समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा बसवला. झोत थेट पानांवर येऊ देत नाही. अन्यथा कडा कुरकुरीत होतात आणि देठात ओल राहते.

3. तापमान 40 अंशांच्या आत व आर्द्रता 50 ते 60 टक्के ठेवतो. दर खोलीस एक आर्द्रतामापक असून सकाळ-संध्याकाळ नोंद होते. अर्धवट वाळलेल्या ट्रेजवळ नवा ओला माल ठेवत नाही.

4. पावसाळ्यात बाहेरची हवा तशीच आत घेणे घातक ठरते. 26 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेची हवा 36 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे 51 टक्क्यांवर येते. त्यामुळे आत येणारी हवा सौम्य तापवतो. ते शक्य नसेल तर खोली बंद करून डिह्युमिडिफायर वापरतो. रात्री तापमान उतरते तशी आर्द्रता चढते आणि दिवसा वाळलेले पान पुन्हा ओल घेते, म्हणून रात्रीचीही नोंद ठेवतो.

5. एका ट्रेचे वजन रोज घेतो. ते स्थिर झाल्यावर नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत आर्द्रतामापकासह चोवीस तास ठेवतो. आतील आकडा 65 च्या वर गेल्यास माल पुन्हा ट्रेवर जातो. देठातील ओल या काळात पानांत उतरते, म्हणून केवळ हाताच्या कुरकुरीतपणावर विसंबू नये.

1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र म्हणून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, नोंद आहे. तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. तेथे हिवाळ्यात कोरडे वारे वाहतात आणि वाळवण्याचे बरेचसे काम ते वारेच करतात. पुणे, कोकण वा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्या आपणांस ती सोय नाही. ती आपल्याला खोलीतच निर्माण करावी लागते.

मामा आता रोज सकाळी आर्द्रतामापकाचा आकडा स्वतः वहीत लिहितात. गेल्या पावसाळ्यात त्यांनीच एक बरणी पुढे करून मला थांबवले, "साहेब, हिच्यात सत्तर दाखवतंय, आज भाजायचं नाही." तो घाणा एक दिवस उशिरा निघाला. वैद्यबंधूंनी आणि औषधशाळाचालकांनी आपल्या वाळवणीच्या खोलीत एक आर्द्रतामापक आणि एक वही अवश्य ठेवावी, एवढीच नम्र विनंती.