निगेटिव्हची कड आणि घराण्याचे साल

घराण्याचा इतिहास जमवणारी मंडळी फोटो जपतात आणि निगेटिव्ह अडगळीत टाकतात. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जुने कागद आणि छायाचित्रे पाहत फिरताना मला हे वारंवार दिसते. फोटोमागे साल लिहिलेले नसेल, तर काळाचा पहिला भक्कम पुरावा बहुधा निगेटिव्हच देते. तो वाचायला फूटपट्टी, भिंग आणि खिडकीतला उजेड पुरतो.

पहिला नियम असा, की आधी चित्र नव्हे, फिल्म मोजावी. रोल धुतल्यावर तो कात्रीने कापत, म्हणून सुट्या तुकड्याच्या दोन बाजू वेड्यावाकड्या असतात. उरलेल्या दोन कारखान्यात कापलेल्या, सरळ आणि समांतर असतात. त्यांच्यामधले अंतर म्हणजे फिल्मची रुंदी. ते सुमारे ६१ मिलिमीटर भरले तर फिल्म १२० किंवा ६२० क्रमांकाची. ४६ भरले तर १२७. ७० भरले तर ११६ किंवा ६१६. रुंदी ३५ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना भोकांची रांग असेल, तर ती १९३४ पासून डबीत मिळू लागलेली १३५. तेवढ्याच रुंदीत चित्र चौकोनी आणि प्रत्येक चित्रामागे एकच भोक असेल, तर ती १९६३ नंतरची १२६. अवघी १६ मिलिमीटरची ११० ही १९७२ नंतरची.

आपल्याकडच्या डब्यांत १२० जास्त सापडते. ती १९०१ पासून आजतागायत चालू आहे, त्यामुळे नुसत्या रुंदीवरून काळ ठरत नाही. अशा वेळी चित्राचा आकार पाहावा. ६ बाय ९ सेंटिमीटरची आठ चित्रे बॉक्स किंवा घडीच्या कॅमेऱ्यात निघत. ६ बाय ६ ची बारा चित्रे अॅगफा क्लिक थ्रीसारख्या घरगुती कॅमेऱ्यात किंवा दोन भिंगांच्या स्टुडिओ कॅमेऱ्यात. ६२० ची फिल्म १२० सारखीच, फक्त तिची फिरकी बारीक. धुतल्यावर दोन्हींत फरक उरत नाही.

मग भिंगाखाली कडेवरची अक्षरे वाचावीत. ‘ओरवो’ हे नाव पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने १९६४ पासून वापरले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. ‘इंदू’ हा त्यांचा छाप. फिल्म सांगते ते ‘याच्या आधी नाही’ एवढेच. नेमके साल ती सांगत नाही, कारण वडिलांचा कॅमेरा मुलगाही वापरतो.

एवढ्याशा पुराव्याने काय उलटते, त्याचे एक उदाहरण देतो. कोपरगाव तालुक्यातल्या एका घरात आजोबांचा म्हणून एकच फोटो होता. दरवर्षी पुण्यतिथीला त्याला हार घालत. मृत्यूच्या नोंदीप्रमाणे आजोबा १९५७ मध्ये वारले. फोटोची निगेटिव्ह डब्यात मिळाली. सरळ कडांमधली रुंदी ६१ मिलिमीटर, चित्र चौकोनी, कडेवर ‘ओरवो’. इथे घाई करून चालत नाही. स्टुडिओवाले जुन्या फोटोचा फोटो काढून नवी निगेटिव्ह बनवत. तशी नक्कल असेल, तर फिल्म नवी आणि माणूस जुना असू शकतो. नकलेत बहुधा मूळ कागदाची कड, टाचणीचे भोक किंवा सुरकुती दिसते. या तुकड्यावर मात्र शेजारची दोन चित्रे होती. त्याच अंगणात तोच माणूस एकात बसलेला, दुसऱ्यात बैलाजवळ उभा. म्हणजे नक्कल नव्हे. हार आजोबांना नव्हे, त्यांच्या धाकट्या भावाला घातला जात होता. कुटुंबाने फोटो भिंतीवरून काढला नाही, खालचे नाव बदलले. आजोबांचा चेहरा आता त्या घरात कुणाकडेच नाही, हेही त्यामुळे पहिल्यांदा कळले.

तुकडा एकटा असता तर एवढे ठामपणे सांगता आले नसते. म्हणून डबा सापडला की निगेटिव्ह वेगवेगळ्या करू नयेत; एका पाकिटातल्या एकत्रच ठेवाव्यात. पट्टी कापू नये, कडा छाटू नयेत, पाकिटावरचे लिखाण फेकू नये. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म कुजू लागली आहे असे समजून बाकीच्यांपासून दूर, कागदी पाकिटात ठेवावी आणि तिची प्रत लवकर करून घ्यावी. काडी लावून पारख कधीही करू नये. जुनी नायट्रेट फिल्म भडकून पेटते.

या दिवाळीच्या साफसफाईत असा डबा हाती आला, तर तो भंगारात देण्याआधी एकदा फूटपट्टी लावून पाहा.