शालेय सॉफ्टबॉलचा हंगाम व विजेतेपदाचा अर्थ

एखाद्या विद्यालयाच्या मुलींचा संघ विजेता ठरला की त्याच्या हंगामाचे वर्णन सामान्यतः गुणफलकावरून केले जाते. परंतु विजेतेपद हे संघाच्या गुणवत्तेचे फळ असते, तसेच ते स्पर्धेच्या रचनेचेही फळ असते. ही रचना बदलली तर विजेता बदलू शकतो. इतकेच नव्हे, तर पराभूत संघांच्या वाट्याला किती खेळ येतो तेही बदलते. नाशिक जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून सॉफ्टबॉल या खेळाच्या संदर्भात या प्रश्नाची मांडणी करता येते.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे, बेसबॉलचा बंदिस्त जागेतील पर्याय म्हणून झाला. प्रत्येक संघात नऊ खेळाडू व सामन्यात सात डाव असतात. चेंडू खांद्याखालून फेकावा लागतो. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर व फलंदाज यांमधील अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर असते. ताशी ९५ किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू हे अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात पार करतो. साहजिकच एकटी कुशल पिचर संपूर्ण सामन्यावर प्रभुत्व गाजवू शकते. स्पर्धेच्या रचनेचा विचार करताना खेळाचे हे वैशिष्ट्य विसरून चालत नाही.

शालेय क्रीडास्पर्धांचा राष्ट्रीय कारभार १९५४ साली स्थापन झालेल्या भारतीय शालेय क्रीडा महासंघाकडे आहे. महाराष्ट्रात संघाचा प्रवास जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतो, आणि क्रीडा विभाग आठ असल्याने राज्य पातळीवर आठ विभागांचे संघ एकत्र येतात. या पायऱ्यांवर बाद पद्धती स्वीकारली, तर पराभव होताच त्या संघाचा हंगाम संपतो.

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक व नाशिक शहराचा एक असे सोळा संघ एकत्र आले, अशी कल्पना करू. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो. म्हणून विजेता ठरविण्यास पंधरा सामने पुरतात. हिशेब सुटसुटीत आहे, परंतु त्यातील आठ संघ केवळ एकेक सामना खेळून परततात. सुरगाणा किंवा पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यातील मुलींनी वर्षभर सराव करावा आणि त्यांचा हंगाम एका दुपारी संपावा, असा याचा अर्थ होतो.

या पद्धतीचा दुसरा दोष संभाव्यतेच्या गणिताने स्पष्ट होतो. एखादा संघ इतरांहून निश्चितपणे सरस असून कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात सत्तर आहे, असे समजा. सोळा संघांत विजेता ठरण्यासाठी त्याला लागोपाठ चार सामने जिंकावे लागतील. सामने परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास ही शक्यता शंभरात अवघी चोवीस उरते. सामना जिंकण्याची शक्यता शंभरात ऐंशी धरली, तरी विजेतेपदाची शक्यता एक्केचाळीसपर्यंतच पोचते. धावपटूची गोष्ट निराळी. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या कामगिरीस घड्याळाची स्वतंत्र साक्ष होती. सांघिक खेळात अशी साक्ष नसते. तेथे सामन्यांची संख्या हेच मोजमाप होय.

आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलने यावर पेज पद्धतीचा उपाय योजिला. साखळीतील पहिल्या दोन संघांपैकी जो हरतो, त्यास आणखी एक संधी मिळते. भारतीय वाचकास ही रचना २०११ पासूनच्या आयपीएल क्रिकेट स्पर्धेमुळे परिचित आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानचा संघ अमेरिकेकडून प्रथम साखळीत व पुन्हा उपांत्य फेरीत पराभूत झाला. त्याच दिवशी त्याने ऑस्ट्रेलियास बारा डावांच्या सामन्यात हरविले व दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेवर ३-१ असा विजय मिळविला. केवळ बाद पद्धती असती तर उपांत्य फेरीतच जपानचे सुवर्णपदक हुकले असते. तथापि या दुसऱ्या संधीची किंमतही मोठी होती: पिचर युकिको उएनो हिला दोन दिवसांत ४१३ चेंडू फेकावे लागले. प्रौढ व कसलेल्या खेळाडूने सोसलेला हा भार शाळकरी मुलीवर टाकता येणार नाही.

म्हणून शालेय पातळीवर गट-साखळी अधिक योग्य ठरते. सोळा संघांचे चार गट केल्यास साखळीचे चोवीस सामने होतात. गटविजेत्यांचे दोन उपांत्य व एक अंतिम धरून एकूण सत्तावीस. दोन मैदानांवर प्रत्येकी चार याप्रमाणे दिवसाला आठ सामने घेतल्यास बाद स्पर्धा दोन दिवसांत व ही स्पर्धा चार दिवसांत आटोपते. पहिले तीन दिवस प्रत्येक संघ रोज एकच सामना खेळतो, आणि चौथ्या दिवशी अंतिम फेरी गाठणारे संघ दोन. याउलट दोन दिवसांच्या बाद स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या संघास दुसऱ्या दिवशी तीन सामने खेळावे लागतात, आणि तो भार बहुधा एकाच पिचरवर पडतो.

दोन दिवसांचा जादा निवास, भोजन व पंच यांचा खर्च हा या पद्धतीवरील खरा आक्षेप आहे. पावसामुळे मैदान अडून राहण्याचा धोकाही वाढतो. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहावयास हवे. शालेय क्रीडाप्रमाणपत्रांशी परीक्षेतील सवलतीचे गुण निगडित आहेत, आणि राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या निकालावर मुलींचे पुढील आयुष्य काही अंशी अवलंबून असते, तो निकाल शक्य तितका नशिबापासून दूर ठेवणे हे आयोजकांचे कर्तव्य ठरते. विजेता एकच संघ होणार, हे कोणत्याही रचनेत अटळ आहे. उरलेल्या पंधरा संघांतील मुलींना किमान तीन सामने मिळावेत की एकच, हे मात्र रचना करणाऱ्यांच्या हाती असते.