पहिल्या पायरीवरचा हक्क

अमेरिकेत १९४८ च्या सुमारास केबल दूरचित्रवाणीचा उदय झाला, तो स्थानिक प्रक्षेपण केंद्रांच्या सेवेसाठी. पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन अशा राज्यांतील डोंगराआडच्या गावांत शहरी केंद्रांच्या लहरी पोचत नसत. टेकडीवर एक सामायिक अँटेना उभारून तेथून तारा घरोघर नेण्यात आल्या आणि लोकांना वर्गणी भरून चित्र दिसू लागले. पुढे त्याच तारांवरून शेकडो वाहिन्या धावू लागल्या. आणि आज ज्यांच्यासाठी तार आली, ती स्थानिक केंद्रेच महागड्या पॅकेजमध्ये ढकलली जाण्याची वाट मोकळी झाली आहे.

ही वाट पूर्वी कायद्याने अडविली होती. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांचा नकाराधिकार झुगारून अमेरिकन काँग्रेसने १९९२ साली केबलविषयक कायदा संमत केला. प्रत्येक स्थानिक व्यापारी केंद्राने दर तीन वर्षांनी दोहोंपैकी एक मार्ग निवडावा, असे त्यात ठरले. एक तर केबल कंपनीने ते केंद्र सक्तीने दाखवावे, पण केंद्राने मोबदला मागू नये. किंवा केंद्राने वाटाघाटी करून संमतीची किंमत घ्यावी. साहजिकच दुबळ्या केंद्रांनी पहिला मार्ग पत्करला, तर मोठ्या जाळ्यांशी संलग्न असलेल्या लोकप्रिय केंद्रांनी दुसरा. मात्र केंद्र कोणत्याही मार्गाने आलेले असो, ते सर्वांत स्वस्त अशा मूळ पॅकेजमध्येच असले पाहिजे, हे बंधन होते. त्या पॅकेजच्या दरावर देखरेखीचीही तरतूद होती.

तथापि, जेथे ‘परिणामकारक स्पर्धा’ असेल तेथे ही देखरेख संपते, अशी त्याच कायद्यात तरतूद आहे. पूर्वी स्पर्धा असल्याचे केबल कंपनीला सिद्ध करावे लागे. जून २०१५ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने हा नियम उलटा केला. उपग्रहाद्वारे सेवा देणाऱ्या कंपन्या देशभर आहेत, तेव्हा स्पर्धा आहे असेच गृहीत धरावे. नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, असे ठरले. २०१७ मध्ये न्यायालयानेही हा निर्णय उचलून धरला. दरावरील देखरेखीबरोबर मूळ पॅकेजचे बंधनही सैल झाले. सक्तीच्या मार्गाने आलेली केंद्रे आजही प्रत्येक ग्राहकाला द्यावीच लागतात. पण ज्या केंद्रांच्या बातम्या आणि सामने बहुसंख्य लोक पाहतात, त्यांची पायरी आता कंपन्यांच्या आपसांतील करारावर अवलंबून राहिली आहे.

येथे स्पर्धेचा अर्थच चुकीचा लावला गेला आहे. ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो म्हणून पहिला दुकानदार भाव आवरतो, हे खरे. परंतु दुकाने अनेक असली तरी या मालाचा उत्पादक एकच आहे. केबल असो वा उपग्रह, प्रत्येकाला त्याच केंद्राची संमती विकत घ्यावी लागते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल यांच्यातील तंट्यामुळे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलस येथील ग्राहकांना सुमारे महिनाभर त्या जाळ्याच्या केंद्रांना मुकावे लागले. तडजोड झाली की वाढीव मोबदल्याचा भार अखेर वर्गणीदारावरच पडतो. अनेक केबल कंपन्या तर ‘प्रक्षेपण शुल्क’ म्हणून बिलात तो वेगळा लावतात. शिवाय तार घरात आल्यावर त्यावरून एक केंद्र अधिक दाखविण्याचा तांत्रिक खर्च नगण्य असतो. अशा वेळी केंद्र वरच्या पायरीवर नेण्यात खर्चाची भरपाई कमी आणि ग्राहकाला ओढून वर नेण्याचे आमिष अधिक असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. ज्याला परवडत नाही त्याने अँटेना लावावा, हा पहिला. पण दरीतल्या गावाला अँटेना पुरत नाही म्हणूनच केबल जन्माला आली होती. जाहिरातींसाठी केंद्रांनाच अधिक प्रेक्षक हवे असतात, त्यामुळे ती स्वतःच वरच्या पायरीला नकार देतील, हा दुसरा. तसे असेल तर मूळ पॅकेजचे बंधन कायम ठेवण्याने कोणाचेच नुकसान होत नाही. केंद्रांना लाभलेल्या लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत, आणि लोकहिताच्या अटीवरच त्यांचे परवाने दिलेले आहेत. वादळाची सूचना आणि नगरपालिकेची बातमी ही या अटीची फलश्रुती होय. ती अल्प उत्पन्नाच्या घरालाही मिळाली पाहिजे.

भारतात १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या दाखविणे केबलचालकांवर बंधनकारक केले. २००४ पासून दूरदर्शनची मासिक शुल्काविना उपग्रह सेवाही उपलब्ध आहे. या व्यवस्थेचे मोल अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. वाहिनी दाखविण्याचे बंधन पुरेसे नसते. ती कोणत्या दराच्या पायरीवर मिळते, हेही कायद्यानेच सांगावे लागते. सार्वजनिक वस्तूच्या दारात तिकिटाची खिडकी बसली की ती नावापुरतीच सार्वजनिक उरते.