निराशेचे इंग्रजी शब्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘डूम’, ‘रिसेशन’, ‘डिप्रेशन’, ‘पेसिमिझम’ हे शब्द इंग्रजी मथळ्यांत हटकून भेटतात आणि मराठी बोलण्यातही आता चांगलेच रुळले आहेत. नोकरकपातीची बातमी आली की ‘रिसेशन’, परीक्षेत गुण कमी पडले की ‘डिप्रेशन’, आणि कुणी धोक्याची जाणीव करून दिली की तो ‘पेसिमिस्ट’. या साऱ्यांची मोट निराशेच्या एकाच दोरीने बांधली जाते. प्रत्यक्षात त्यांतला एक शब्द तत्त्वचर्चेतला आहे, एक न्यायनिवाड्यातला, एक अर्थव्यवस्थेच्या मोजमापाचा, तर एक आजाराचा. त्यांची सरमिसळ झाली की खरा इशारा कुरकूर समजला जातो आणि आजारी माणसाला उपचारांऐवजी उपदेश मिळतो.

गैरसमज : पेसिमिझम म्हणजे रडका स्वभाव.

वस्तुस्थिती : हा शब्द स्वभावावरून आलेला नाही, वादातून आला आहे. आधी जन्मला तो ‘ऑप्टिमिझम’. ईश्वराने निर्माण केलेले हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० च्या ग्रंथात मांडले होते. त्या मताला हे नाव १७३७ मध्ये फ्रान्समधल्या जेझुइटांच्या नियतकालिकाने दिले. पुढे १७५५ च्या भूकंपात लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले. हजारो निरपराध माणसे गाडली गेली, तेव्हा जग उत्तम कसे, हा प्रश्न युरोपभर विचारला गेला. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने १७५९ मध्ये ‘कॅन्डीड’ ही उपहासकथा लिहून या मताचा समाचार घेतला. ऑप्टिमिझमच्या विरुद्ध टोकाचा ‘पेसिमिझम’ इंग्रजीत उशिरा आला. कवी कोलरिजने १७९४ मध्ये तो वापरला, तोही ‘अत्यंत वाईट अवस्था’ एवढ्याच अर्थाने.

गैरसमज : डूम म्हणजे विनाश.

वस्तुस्थिती : जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे निवाडा किंवा कायदा. राजा आल्फ्रेडच्या कायदेसंहितेला ‘डोमबॉक’ म्हणत. पुढे राजा विल्यमने इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याची मोजदाद करवून घेतली, त्या १०८६ च्या दप्तराला लोकांनी ‘डूम्सडे बुक’ म्हटले, कारण त्यातल्या नोंदीवर अपील नव्हते. शेवटच्या निवाड्याचा दिवस या ख्रिस्ती कल्पनेमुळे शब्दाला भयाची छटा आली आणि निवाडा मागे पडून सर्वनाश पुढे आला.

गैरसमज : कॅसेंड्रा म्हणजे उगाच घाबरवणारी व्यक्ती.

वस्तुस्थिती : ग्रीक कथेतली कॅसेंड्रा ही ट्रॉयचा राजा प्रायम याची मुलगी. अपोलोने तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली आणि रागावल्यावर शापही दिला, की तिच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. ग्रीक सैनिक लपलेल्या लाकडी घोड्याबद्दल तिने बजावले ते खरे होते. ऐकले कुणीच नाही आणि ट्रॉय पडले. एखाद्या जाणकाराला ‘कॅसेंड्रा’ म्हणून झटकून टाकणारा माणूस म्हणूनच नकळत त्याचे म्हणणे खरे असल्याची कबुली देत असतो.

‘जेरेमायड’ या शब्दाचेही तेच. लांबलचक रडगाणे या अर्थाने तो वापरतात, पण ज्याच्या नावावरून तो आला त्या बायबलमधल्या जेरेमायाने जेरुसलेमच्या पाडावाचा इशारा दिला होता. त्याबद्दल त्याला चिखलाने भरलेल्या टाक्यात उतरवले गेले. पुढे बॅबिलोनच्या सैन्याने शहर घेतलेच.

गैरसमज : माल्थसच्या निराशाजनक भाकितामुळे अर्थशास्त्राला ‘डिस्मल सायन्स’ (उदासवाणे शास्त्र) हे नाव पडले.

वस्तुस्थिती : ही समजूत पाठ्यपुस्तकांतही आढळते आणि ती पसरण्याचे कारण उघड आहे. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८ मध्ये लिहिले. 

पण हे नाव दिले लेखक टॉमस कार्लाइलने, १८४९ मध्ये, ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधल्या लेखात. माल्थस जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. लेखाचा विषय होता वेस्ट इंडिजमधले ऊसमळे. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला जुंपावे, असे कार्लाइलचे म्हणणे होते. अर्थशास्त्रज्ञ मात्र मजुरी मागणी-पुरवठ्यावर सोडा, माणसांना मोकळे ठेवा, असे सांगत होते. याच आग्रहासाठी त्याने त्यांच्या शास्त्राला ‘डिस्मल’ म्हणून हिणवले. अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५० मध्ये त्याच नियतकालिकात त्याला सडेतोड उत्तर दिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा इतिहास ठाऊक करून घ्यायलाच हवा. ज्याला ते आपल्या विषयावरचा ठपका समजतात, तो माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतल्याबद्दल मिळालेला शेरा आहे.

गैरसमज : सलग दोन तिमाही जीडीपी घटला की रिसेशन.

वस्तुस्थिती : हा ढोबळ ठोकताळा आहे. अमेरिकेतले ज्युलियस शिस्किन यांनी १९७४ मध्ये अनेक निकषांपैकी एक म्हणून तो मांडला होता. बाकीचे निकष विसरले गेले, हा एक उरला. अमेरिकेत मंदीचा काळ ठरवणारी संस्था रोजगार, उत्पन्न, औद्योगिक उत्पादन असे बरेच काही पाहते. म्हणून २०२० मधली फेब्रुवारी ते एप्रिल अशी जेमतेम दोन महिन्यांची घसरणही तिने रिसेशन ठरवली. उलट २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींत, तेव्हाच्या आकडेवारीनुसार, जीडीपी घटूनही तसे जाहीर केले नाही. भारतात २०२०-२१ च्या पहिल्या दोन तिमाहींत जीडीपी आकसला, तेव्हा मथळ्यांत ‘टेक्निकल रिसेशन’ असा शब्द आला, तो याच ठोकताळ्यावरून.

गैरसमज : डिप्रेशन म्हणजे खूप निराश वाटणे.

वस्तुस्थिती : या एका शब्दाला तीन घरे आहेत. भारतीय हवामान विभागाच्या लेखी डिप्रेशन म्हणजे ताशी साधारण ३१ ते ५० किलोमीटर वेगाचे वारे असलेली कमी दाबाची प्रणाली, आणि कोकणातल्या मच्छीमारांसाठी ती होडी किनाऱ्यावर ठेवण्याची सूचना. अर्थशास्त्रात ती दीर्घ आणि खोल मंदी.

वैद्यकात मात्र तो आजार आहे. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, हे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ चालू असेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, अपराधीपणाने घेरले असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. पेसिमिस्ट माणसाला हा आजार असेलच असे नाही, आणि कालपर्यंत हसतखेळत असणाऱ्यालाही तो होऊ शकतो. ‘सकारात्मक विचार कर’ एवढ्याने तो बरा होत नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी होऊ शकतो.

तेव्हा घरातले कुणी ‘डिप्रेशन आलंय’ म्हणाले, तर ते किती दिवसांपासून आहे हे आधी शांतपणे विचारावे आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.