स्तनाच्या कर्करोगावरील उपचार : विलंब आणि उशिरा हाती येणारा जनुकीय अहवाल

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक प्रमाणात आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या रोगावर उपाय नाही, असे नाही. गाठ लहान असताना उपचार सुरू झाले आणि ते वेळेवर पूर्ण झाले, तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. अडचण आहे ती वेळेची.

हा विलंब एकाच ठिकाणी होत नाही. गाठ हाताला लागल्यावर ती घरात सांगण्यास काही आठवडे जातात. गाठ दुखत नसल्यामुळे तिची भीती वाटत नाही. वास्तविक या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच तिचे कपटी लक्षण होय. त्यानंतर सोयाबीनची काढणी, मुलाची परीक्षा, दिवाळी अशी कारणे पुढे येतात. रुग्णालयाची पायरी चढल्यावर निराळीच साखळी सुरू होते : सुईने तुकडा काढणे, त्याचा अहवाल, दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास त्याच तुकड्याची फेरतपासणी, योजनेची मंजुरी, शस्त्रक्रियेची तारीख, किरणोपचाराच्या यंत्रापुढील रांग. प्रत्येक टप्प्यावरील आठ-पंधरा दिवस क्षुल्लक वाटतात. त्यांची बेरीज मात्र कोणी करीत नाही.

ही बेरीज किती महाग पडते, याचे मोजमाप झालेले आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० साली ब्रिटनच्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात समजावयाची. म्हणजे ज्या शंभर स्त्रियांपैकी एरवी वीस दगावल्या असत्या, त्यांत एका-दोघींची भर पडते. कॅलिफोर्नियातील सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार, म्हणजे केमोथेरपी, सुरू होण्यास नव्वद दिवसांहून अधिक काळ गेला तर परिणाम वाईट होतात. हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या, ज्याला डॉक्टर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात त्या प्रकारात ही हानी अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने याच कारणास्तव असे उद्दिष्ट ठेवले आहे की, रुग्ण प्रथम दाखवावयास आल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आकडे महिन्यांचे आहेत, दिवसांचे नव्हेत. योग्य तपासण्यांसाठी एक-दोन आठवडे गेले म्हणून कोणी स्त्री हातची जात नाही. घाबरून, अहवालाची वाट न पाहता मिळेल त्या ठिकाणी गाठ कापून घेणे हे विलंबाइतकेच घातक ठरते. कारण अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुढील डॉक्टरांना गाठीचा मूळ आकारही कळत नाही.

जनुकीय तपासणी कशासाठी

स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारणपणे पाच ते दहा जणींत तो आनुवंशिक असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर या रोगाशी निगडित जनुकाची जागा दाखवून दिली. तेच बीआरसीए-१ होय; त्याच्या जोडीचे बीआरसीए-२ हे तेराव्या गुणसूत्रावर आहे. पेशींतील मोडतोड दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम. प्रस्तुत लेखकासारख्या कलाशाखेच्या माणसालाही हे समजण्यास अवघड नाही : गावातील गवंडीच आजारी पडला, तर भिंतीच्या भेगा वाढत जाणारच. या जनुकांत जन्मतः बिघाड असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के जणींना वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही पुष्कळ वाढतो.

तपासणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. अहवाल येण्यास बहुधा तीन-चार आठवडे लागतात. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नव्या रुग्णास ही तपासणी सुचवावी. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, आणि होते तेव्हाही बहुधा उशिराच आठवते : शस्त्रक्रिया आटोपते, औषधाच्या तीन-चार फेऱ्या होतात, मग कोणी तरी विचारते की, घरात आणखी कोणाला हा रोग झाला होता काय?

हा प्रश्न विचारतानाही एक चूक सर्रास होते. चौकशी आई आणि मावशीपुरतीच केली जाते. बिघडलेले जनुक वडिलांकडूनही येते, आणि पुरुषाला स्वतःला रोग होण्याचा संभव कमी असल्यामुळे ते त्याच्यापाशी निमूटपणे दडून बसते. तेव्हा आत्या, चुलत बहिणी आणि वडिलांची आई यांची माहितीही तितकीच महत्त्वाची आहे. तरुण वयात झालेला रोग, दोन्ही स्तनांतील रोग, घराण्यातील बीजकोशाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, यांपैकी काहीही असल्यास ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. निदानाच्या वेळीच नमुना दिला, तर शस्त्रक्रियेचा निर्णय होण्यापूर्वी अहवाल हाती पडू शकतो. ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यावयाची असते, त्यांच्या बाबतीत तर प्रतीक्षेचे दिवस उपचारातच जातात.

अहवाल उशिरा आला तर

समजा, शस्त्रक्रिया होऊन गेली, स्तन वाचविला गेला, आणि त्यानंतर जनुकात बिघाड असल्याचा अहवाल आला. अशा स्त्रीच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की, सारे चुकीचे झाले. या ठिकाणी ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपर्यंतच्या २,७३३ रुग्णांवर झालेला अभ्यास, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, फार दिलासा देणारा आहे. बीआरसीए जनुकांत बिघाड असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. निदानानंतर लगोलग दोन्ही स्तन काढल्यानेही पुढील काही वर्षांत अधिक स्त्रिया वाचल्या असे दिसले नाही. याचा अर्थ, निरोगी स्तनाविषयीचा निर्णय चालू उपचार संपल्यावर, शांतपणे घेता येतो. बीजकोश काढण्याचा विचारही मुले झाल्यानंतर, साधारणपणे पस्तीस ते पंचेचाळीस या वयात, जनुकाच्या प्रकारानुसार केला जातो.

काही गोष्टींना मात्र उशीर चालत नाही. टीपी-५३ नावाच्या दुसऱ्या एका जनुकात बिघाड असल्यास किरणोपचार शक्यतो टाळले जातात. म्हणून फार तरुण रुग्णांच्या बाबतीत किरणोपचारापूर्वीच अहवालाची चौकशी करावी. तसेच, बीआरसीएचा बिघाड असलेल्या आणि रोग परतण्याचा धोका अधिक असलेल्या काही रुग्णांना ओलापॅरिब हे औषध वर्षभर दिल्यास लाभ होतो, हे २०२१ साली सिद्ध झाले. त्या चाचणीत मुख्य उपचार संपल्यापासून बारा आठवड्यांच्या आत रुग्णांची निवड झाली होती. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर आलेला अहवालही कपाटात ठेवण्याजोगा नसतो. तो घेऊन डॉक्टरांकडे जावे.

कोणत्याही परिस्थितीत, जनुकीय अहवाल आला नाही म्हणून केमोथेरपीची ठरलेली फेरी थांबवू नये. आपल्या रुग्णांत हा गैरसमज वाढत असल्याचे ऐकिवात येते.

गावपातळीवर काय करता येईल

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नास वर्षांवरील स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि यंत्राविना एवढे साधते, ही गोष्ट उपकेंद्र असलेल्या प्रत्येक गावाने ध्यानात घेण्याजोगी आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहेच. आशा स्वयंसेविकेच्या यादीतील किती जणी प्रत्यक्षात गेल्या, हे ग्रामसभेत विचारण्यास कोणाची हरकत नसावी.

उपचार सुरू असलेल्या कुटुंबाला उपदेशापेक्षा कागदपत्रांची मदत अधिक हवी असते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. शिधापत्रिकेतील नावाची चूक तलाठ्याकडून व तहसील कार्यालयातून दोन दिवसांत दुरुस्त झाली, तर मंजुरीचे दोन आठवडे वाचतात. जनुकीय तपासणीचा खर्च कोठून भागेल, याची चौकशी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे आधीच करावी. कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. रुग्णालय बदलताना तुकड्याच्या स्लाइड आणि मेणातील ब्लॉक मागून घ्यावेत. त्यांच्याअभावी दुसरीकडे सुई पुन्हा टोचून घ्यावी लागते.

अहवाल लपविण्याची प्रवृत्ती हा सर्वांत अवघड भाग आहे. मुलीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने तो घरातल्या घरातही सांगितला जात नाही. बिघाड असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. निम्म्या मुलांत तो उतरतच नाही. ज्या मुलीत तो नसतो, तिची धास्ती एका तपासणीने फिटते. ज्या मुलीत असतो, तिला लहान वयापासून नियमित तपासणीची सोय करता येते. शिवाय घरात एकदा नेमका बिघाड सापडला की इतरांना तेवढ्याच जागेची तपासणी पुरते आणि तिचा खर्चही कमी येतो. अठरा वर्षांखालील मुलांची बीआरसीए तपासणी करण्याचे सहसा कारण नसते.

कधी कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असतो. त्याला बिघाड समजू नये आणि त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. संशोधन वाढते तसतसे असे शेरे पुढे बदलतात, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी ठरतात. म्हणून अहवालाची एक प्रत घरात, एक रुग्णालयाच्या फाइलीत आणि एक रुग्णाच्या भावाकडेही असावी. पुढच्या पिढीची तपासणी त्याच कागदावरील नोंदीवरून होणार असते.